जावातील क्लाससंबंध

जावा भाषेतील प्रोग्रॅममध्ये दोन क्लास (साचे) ज्या नात्याने जोडलेले असतात ते नाते, आणि त्या नात्याच्या धाग्याने एका ऑब्जेक्टवरून (साच्यातून बनलेल्या वस्तूवरून) दुसऱ्यावर पोचण्याची रीत. नाती मुख्यतः दोन : ‘हा तो आहे’ आणि ‘ह्याच्याकडे तो आहे’. पहिले वारशाने जुळते (एक क्लास दुसऱ्याचे गुण घेतो), दुसरे फील्डने (ऑब्जेक्टमधल्या माहितीच्या कप्प्याने).

कोकणातल्या मासेमारीची नोंद ठेवायची झाली, तर ट्रॉलर ही नौका आहे, पर्ससीनर हीसुद्धा नौकाच. इथे वारसा शोभतो. रापणीच्या मासेमारीला होडी लागते ती जाळे अर्धवर्तुळात सोडण्यापुरती; ओढायचे ते दोन्ही टोकांनी, किनाऱ्यावरून. रापण हा क्लास होडीचा वारस केला, की होडीच्या साऱ्या मेथड (तिला करता येणाऱ्या क्रिया) रापणीला नाहक चिकटतात. रापणीत होडी हे फील्ड असावे. शिवाय जावात थेट पालक क्लास एकच मिळतो (इंटरफेस, म्हणजे कोणत्या मेथड असाव्यात ह्याचे करार, कितीही चालतात), तो असा खर्ची घालणे महागात पडते.

फील्ड-फील्डमध्येही फरक असतो. तांडेल (नौकेचा प्रमुख) पुढच्या हंगामात दुसऱ्या नौकेवर जाईल, म्हणून तो बाहेरून कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट घडवणाऱ्या कोडमध्ये) द्यावा. फेऱ्यांची यादी मात्र त्या नौकेचीच. ती आत बनवावी आणि मागणाऱ्याला ‘लिस्ट.कॉपीऑफ’ने (जावा १०, २०१८) प्रत द्यावी. मूळ यादीच हाती दिली, तर कोणीही परस्पर फेरी पुसू शकतो. जावाच्या लेखी दोन्ही फील्डे म्हणजे नुसते रेफरन्स (दुसऱ्या ऑब्जेक्टकडे नेणारे दुवे). भेद प्रोग्रॅमरनेच पाळायचा.

नौका.तांडेल().पत्ता().गाव() अशी साखळी चालते, पण मधली एक कडी नल (रिकामी) निघाली की नलपॉइंटर एक्सेप्शन ही चूक येऊन काम थांबते. १ जून ते ३१ जुलै ह्या मासेमारीच्या बंदीकाळात तांडेल नेमलेलाच नसेल, तर हे हमखास होते. नेमके काय नल होते हे जावा १५ (२०२०) पासून आपोआप छापले जाते. त्याआधी फक्त ओळ क्रमांक मिळे. पण खरा दोष साखळीच्या लांबीत आहे : पत्त्याची रचना बदलली की नौकेशी बोलणारा कोडही मोडतो. नौकेलाच तांडेलाचे_गाव() ही मेथड द्यावी. १९८७ सालचा डिमीटरचा नियम तो हाच. स्ट्रीमच्या (यादीतले घटक टप्प्याटप्प्याने पुढे नेणाऱ्या सोयीच्या) लांब साखळ्यांना तो लावू नये. तिथे परक्या ऑब्जेक्टच्या पोटात कोणी शिरत नाही.

(वरची आपण ठेवलेली नावे जावाला देवनागरीतही चालतात, कीवर्ड आणि जावाची स्वतःची तयार नावे तेवढी रोमनच.)

दोघांकडे एकमेकांचे फील्ड असलेले दुतर्फा नाते सर्वांत नाजूक. खलाशी नौकेच्या यादीत घातला, पण त्याचे नौका हे फील्ड जुनेच राहिले, तर एकच माणूस दोन नौकांवर दिसतो. दोन्ही बदल एकाच मेथडमध्ये करावेत. दोघांच्या टूस्ट्रिंगने (ऑब्जेक्टचा मजकूर बनवणाऱ्या मेथडने) एकमेकांना छापायला घेतले, तर हाका संपतच नाहीत आणि स्टॅकओव्हरफ्लो ठरलेला. गार्बेज कलेक्टरला (नको झालेले ऑब्जेक्ट मेमरीतून काढणाऱ्या यंत्रणेला) अशा चक्राची अडचण नसते : चालू कोडमधून पोचता येत नसेल, तर तो अख्खे चक्र उचलतो.