दोनशेतून सदतीस

बाजारात भाजी विकणाऱ्या पोराकडे आठशे ग्रॅम बटाटे आणि एक किलो चारशे ग्रॅम कांदे मागा. बटाटा वीस रुपये किलो, कांदा पंधरा. तो वजन करता करताच सोळा आणि एकवीस, सदतीस झाले म्हणून सांगेल. दोनशेची नोट दिलीत तर 'तीन चाळीस, साठ शंभर, वर शंभर' असं पुटपुटत एकशे त्रेसष्ट रुपये हातावर ठेवेल. त्याच वयाच्या कितीतरी मुलांच्या वहीत २०० वजा ३७ चं उत्तर २३७ सापडतं. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातून शून्य काढतं आणि तीनातून शून्य. वजाबाकी करून रक्कम वाढली, हे त्याला खटकतही नाही, कारण वहीतले आकडे त्याच्या लेखी पैसे नसतातच.

ही दरी किती खोल आहे ते २०२५ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानं दाखवलं. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचं गणित तपासलं. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले, तेव्हा जवळजवळ सगळ्यांचे हिशेब बरोबर आले. पण कोलकात्याच्या मुलांना कागदावर शाळेच्या पद्धतीची गणितं दिली, तेव्हा तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं फक्त ३२ टक्क्यांना जमलं. दिल्लीत उलट बाजूही दिसली. शाळेत जाणारी, बाजाराचा अनुभव नसलेली मुलं कागदावर सरस ठरली आणि खरेदी-विक्रीच्या हिशेबात अडखळली. माझ्या मते या अभ्यासातली काळजीची बाब हीच आहे. कारण शिकलेलं गणित बाजारात उपयोगी पडेल, असं आपण सगळेच गृहीत धरून चालतो.

हे फक्त भारतातलं चित्र नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्या नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमान यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास जुना आणि छोटा आहे. त्यात रस्त्यावर विक्री करणारी ९ ते १५ वर्षांची पाचच मुलं होती. रस्त्यावर त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, नुसत्या आकड्यांची गणितं दिल्यावर ३७ टक्के. बारा वर्षांच्या एका नारळवाल्याला दहा नारळांची किंमत विचारली. एक नारळ ३५ क्रुझेरोला. पोरगा म्हणाला, तीनचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, आणखी तीनचे ३१५, आता एक राहिला, म्हणजे ३५०. दहानं गुणायचं तर पुढे शून्य द्यायचं, ही शाळेतली युक्ती त्यानं वापरलीच नाही. पण त्याच्या रीतीत गुणाकाराचा अर्थ पुरेपूर आहे. संख्या फोडायची, सोयीचे गठ्ठे करायचे, मग जोडायचे. हातच्याच्या गुणाकारात आपण नेमकं हेच करतो, फक्त कागदावर ते लपून जातं.

याच मुलांना शाब्दिक उदाहरणं दिली तेव्हा ७४ टक्के उत्तरं बरोबर आली, म्हणजे रस्ता आणि कोरे आकडे यांच्या मध्ये कुठेतरी. गोष्ट असली की आकड्यांना आधार मिळतो. मात्र आपल्या शाळांत शाब्दिक उदाहरण मुलाला स्वतः वाचावं लागतं, आणि वाचन आड येतं ते इथे. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतली तिसरीची फक्त २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली. जोडाक्षरापाशी अडखळणारं मूल वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवातीचे आकडे विसरलेलं असतं. अशा वेळी ते गणितात कच्चं आहे असा शेरा मारणं अन्याय आहे. उदाहरण मोठ्यानं वाचून दाखवा, काय घडलं ते त्याच्या शब्दांत सांगायला लावा आणि मगच पेन्सिल द्या.

मग मुलांना बाजारात नेलं की झालं का? नाही. दिल्लीच्या बालवाड्यांत स्पेल्की आणि डुफ्लो यांच्याच गटानं संख्या आणि आकारांचे खेळ घेतले होते, त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. मुलांची संख्येची जाण वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली, पण पहिलीतल्या लेखी गणितात फायदा दिसला नाही. खेळात लिहिलेले अंक आणि चिन्हं नव्हती. तोंडी समज आणि लेखी खूण एकाच वेळी समोर आली पाहिजे, असा मी त्याचा अर्थ लावते.

आपल्याकडे त्यासाठी सामग्री आयती आहे. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत बालआनंद बाजार भरतो. पोरं घरची मेथी, लिंबं, भेळ विकतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी वर्ग पुन्हा पान नंबर अमुकवर जातो. त्या दिवशीचे हिशेब फळ्यावर यायला हवेत. एकानं सुटे कसे मोजून दिले ते सांगावं, बाईंनी तीच वजाबाकी हातचा घेऊन शेजारी मांडावी, आणि दोन्ही उत्तरं एकच का आली यावर वर्गानं बोलावं. पूर्वी पाठ करून घेत त्या पावकी, निमकी, दीडकीचे पाढे हेच काम करत. पाव आणि दीड किलोचा भाव त्यांतून तोंडावर येई, आणि पाटीवरही तेच लिहिलं जाई.

घरी वाण्याची यादी मुलाला लिहू द्या आणि दुकानात त्यालाच वाचू द्या. बिल येण्याआधी अंदाज विचारा, साधारण किती होतील? घरी आल्यावर तीच रक्कम वहीत मांडायला सांगा. २३७ आलं तर लगेच खोडू नका. 'दोनशेची नोट दिली आणि दोनशे सदतीस परत आले?' एवढंच विचारा आणि थांबा.