हिरड्याचा काढा काळा का पडतो?

"चूर्णात भेसळ आहे का? काढा शाईसारखा काळा झाला." आमच्याकडे परत येणाऱ्या बहुतेक पाकिटांमागे हीच तक्रार असते, आणि बहुतेक वेळा दोष चूर्णाचा नसून लोखंडाचा असतो. हिरड्याच्या फळाच्या सालीत टॅनिन, म्हणजे तुरट चवीचं द्रव्य, भरपूर असतं. लोखंडाशी गाठ पडली की त्याचा निळसर काळा रंग होतो. पूर्वी हिरड्यापासून शाई करत, ती याच गुणावर.

लोखंडी कढई, टवका उडालेलं एनॅमलचं भांडं, ओल्या सालीवर चालवलेला लोखंडी खलबत्ता, यांतलं काहीही पुरतं. बोअरच्या पाण्यातही लोह असू शकतं. पाकीट परत पाठवण्याआधी एवढं करा: काचेच्या दोन पेल्यांत चिमूट चिमूट चूर्ण घ्या, एकात नेहमीचं पाणी आणि दुसऱ्यात आरओचं पाणी घाला. पहिलाच पेला काळवंडला तर दोष पाण्याचा. दोन्ही तपकिरी पिवळेच राहिले तर भांडं तपासा. दोन्ही काळे झाले तर मात्र जरूर कळवा, पाकीट बदलून देऊ.

गुळण्यांसाठी एक चहाचा चमचा चूर्ण आणि एक पेला पाणी स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात मंद आचेवर अर्धं होईपर्यंत आटवा. फडक्यातून गाळून कोमट असताना वापरा. उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. हिरडा जंतुनाशक असताना काढा कसा नासेल, असं पुष्कळजण विचारतात. प्रयोगशाळेत तो काही जिवाणूंची वाढ रोखतो, दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सचीही. पण बुरशी वेगळी, आणि पातळ काढ्यात जोर कमी. डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविकाऐवजी हा काढा घेऊ नये.

अँटिऑक्सिडंट गुणाचा आकडाही मागितला जातो. तो सहसा डीपीपीएच चाचणीतून येतो: जांभळं द्रावण अर्कामुळे किती फिकं पडलं, ते मोजतात. हे परीक्षानळीतलं माप आहे, पोटात गेल्यावर तेवढाच परिणाम होतो असं नाही. म्हणून पाकिटावर आम्ही तो छापत नाही. सालीतल्या गॅलिक आणि एलॅजिक आम्लांचा त्यात वाटा असतो. ती सालीत असतात म्हणून आठळी काढूनच आम्ही दळतो. वजन घटतं, चूर्ण थोडं महाग पडतं, पण आठळीसकट दळलेलं चूर्ण हलक्या प्रतीचंच.

दळण ऑर्डर आल्यावरच होतं, त्यामुळे पाकीट हाती यायला वेळ लागतो. दळल्यावर हवा आणि दमटपणा यांचा मारा वाढतो. महिनोन्महिने ठेवायचं असेल तर अख्खी साल घ्या आणि लागेल तशी मिक्सरमध्ये बारीक करा. चूर्णाच्या बरणीत ओला चमचा गेला की गुठळ्या होतात, मग बुरशी. तसं चूर्ण टाकून द्या.

पोटात घेणाऱ्यांनी लोहाची गोळी आणि हिरडा यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवावं. कढईत होतं तेच पोटात होतं, टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि गोळी कमी लागू पडते. गरोदरपणी पोटात घेऊ नये.