भिंगाखालची लक्ष्मी, बोटाखालची पोथी

कोल्हापुरात पेठेतला एखादा वाडा पाडायला निघाला की आधी सागवानी तुळया विकल्या जातात, मग दारं-खिडक्या, आणि शेवटी माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याच्या काट्यावर चढते. त्या ट्रंकेतली पोथी, पंचांग किंवा लक्ष्मीची तसबीर घ्यायची असेल तर खिशात दोन वस्तू हव्यात: दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. विकणारा ‘शंभर वर्षांचं आहे’ म्हणतो ते बहुधा प्रामाणिकपणेच. पण त्यालाही ते दुसऱ्या कुणीतरी सांगितलेलं असतं.

आधी तसबीर, कारण फसगत तिथे जास्त. आजची ऑफसेट छपाई निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांवर चालते. लक्ष्मीच्या गालावर भिंग धरलं तर हे रंग ठिपक्यांच्या रांगोळीसारखे मोजूनमापून मांडलेले दिसतात, मध्येमध्ये बारीक फुलांची नक्षी. जुन्या ओलिओग्राफमध्ये, म्हणजे दगडावरून छापलेल्या, तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या चित्रात, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे. चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने आकृती काढायची, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवायचा. तेलकट भाग शाई धरतो, ओला भाग तिला झिडकारतो. इथले ठिपके कारागिराने हाताने दिलेले, म्हणून लहानमोठे, वाळूसारखे विखुरलेले. आणि गालाचा गुलाबी हा खरोखरच गुलाबी शाईचा. साडीच्या काठाला एखादा रंग केसभर सरकलेला दिसला तर भाव पाडायला जाऊ नका, ती दगडांच्या छपाईची नेहमीची खूण आहे.

छापून झाल्यावर चित्राला वॉर्निश देऊन कॅनव्हाससारखी वीण उठवत. नकलांनाही ती असते, त्यामुळे वीण हा पुरावा नव्हे. रवि वर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. म्हणून खालच्या पट्टीवर ‘कार्ला-लोणावळा’ असेल तर चित्र त्या स्थलांतरानंतरचं. फ्रेममध्ये बसवताना नेमकी हीच पट्टी पुष्कळदा कापली जाते आणि चित्राची किंमत तिथेच उतरते. देवीच्या अंगावर जरीचे धागे, टिकल्या शिवलेल्या असतील तर उसवू नका. ती त्या काळच्या घरांतली हौस आहे.

टॉर्च कागदासाठी. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारी द्रव्यं मिसळायची रीत साधारण १९५० नंतरची. अंधारात असा कागद निळसर पांढरा उजळतो. ‘१९१० सालचं’ चित्र उजळलं तर हात आवरा. मात्र उजेड चित्राच्या कागदाचा की मागाहून चिकटवलेल्या पाठकागदाचा, हे कडेने पाहून घ्या. न उजळणं म्हणजे जुनं असणं, असं उलट धरू नये. चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ केलेला कागद सगळीकडे सारखाच तपकिरी होतो. खरा जुना कागद कडेला गडद आणि आत फिकट असतो, कारण हवा कडेने आत शिरते.

छापील पुस्तक हाती आलं की पानाच्या पाठीवरून बोट फिरवा. खिळ्यांच्या (सुट्या धातूच्या अक्षरांच्या) छपाईत अक्षरांचा दाब पलीकडे जाणवतो आणि प्रत्येक ‘क’ हुबेहूब सारखा असतो. शिळाछापात पान सपाट लागतं आणि दोन ‘क’ कधी जुळत नाहीत, कारण मजकूर हाताने लिहून दगडावर उतरवलेला असतो. साल छापलेलं पान फाटलं असेल तरी बिघडत नाही. शके दिसला तर ७८ मिळवा (जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या महिन्यांसाठी ७९). ‘१८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे’ नोंद असेल तर पुस्तक त्याआधीचं असूच शकत नाही. किंमत आण्यांत असेल तर बहुधा एप्रिल १९५७ पूर्वीचं, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं, आणि प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिन दिसला तर ऑगस्ट १९७२ नंतरचं. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले. पण जुन्या वळणाचे लेखक पुढेही ते देत राहिले, तेव्हा हा पुरावा दुय्यम.

मग फर्मे मोजा, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेले पानांचे गठ्ठे. पुस्तक सोळा पानी फर्म्यांचं असेल तर १, १७, ३३ अशा पानांच्या तळाशी फर्म्याचा बारीक आकडा असतो. पृष्ठांक सलग दिसले तरी मधली चित्रपानं गळालेली असू शकतात, कारण ती मोजणीत धरलेली नसत. शंका आली तर करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या (स्थापना १८५०) ग्रंथालयात दुसरी प्रत मिळते का ते पाहा आणि ताडून घ्या.

अडीचशे वर्षांची पोथी मऊ राहते आणि १९३० ची कादंबरी हातात चुरते, हे कोडं कागदाच्या लगद्यात आहे. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद चिंध्या आणि तागाच्या लांब धाग्यांचा. पुढचा स्वस्त कागद लाकडाच्या भुग्याचा; त्यात लिग्निन राहतं आणि ते प्रकाशाने पिवळं पडतं. शाई पसरू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी घालत. तुरटीतून हळूहळू आम्ल तयार होतं आणि सेल्युलोजच्या साखळ्या तोडत जातं. अशा पुस्तकाची पानं दुमडून ‘ताकद’ बघू नका, कोपरा हातात येईल. पोथीत पिवळा थर देऊन खोडलेली अक्षरं दिसली तर ते हरताळ. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. पण हा पदार्थ आर्सेनिकचा, म्हणून बोटाला थुंकी लावून पानं उलटायची नाहीत आणि नंतर हात धुवायचे.

इथला खरा शत्रू पावसाळा. हवेतला दमटपणा पासष्ट-सत्तर टक्क्यांवर टिकला की बुरशी धरते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि चुन्याच्या पुडीवर विसंबण्याऐवजी आर्द्रतामापक टांगा. २०१९ आणि २०२१ च्या पुरांतून निघालेल्या पुस्तकांवर तपकिरी लाटेची रेघ आणि कण्यात बारीक गाळ सापडतो. तो घासला तर पान खरवडतं, मऊ ब्रशनेच झटकावा. कसर लागली असेल तर पुस्तक पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे अठरा अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड पानांवर दव धरेल. वॉर्निशची चित्रं मात्र फ्रीजरमध्ये घालायची नाहीत.

खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. १९७२ च्या कायद्यात महत्त्वाचं हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांनी आणि इतर वस्तू शंभर वर्षांनी पुरावस्तू ठरतात, हे परदेशातल्या नातेवाइकांना पोथी पाठवण्याआधी लक्षात ठेवा.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावलीत तर काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन आत झिरपेल. बाइंडरची खळही नको. कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात आणि त्यातलं तांबं कागद कुजवायला मदत करतं. कुरडयांसाठी काढतो तसा गव्हाचा चीक घ्या, पण तो आंबलेला असतो, म्हणून तळाशी बसलेलं सत्त्व दोन-तीनदा ताज्या पाण्याने धुवा. एक वाटी सत्त्वाला चार-पाच वाट्या पाणी, मंद आचेवर वीसेक मिनिटं ढवळत शिजवणं, मग गाळणं. जपानी टिशूची (लांब धाग्यांच्या पातळ कागदाची) पट्टी कात्रीने कापू नका, ओल्या ब्रशने रेघ मारून फाडा म्हणजे कडेला धागे राहतात. ती पातळ खळीने लावा, वर-खाली टीपकागद ठेवा आणि रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवा.