एफ पिन : डिश-केबलच्या वायरची पिन आणि तिची दुरुस्ती

सेट टॉप बॉक्सच्या मागे जी धातूची, आटे असलेली, बोटांनी फिरवून घट्ट करायची पिन असते तिचं नाव एफ कनेक्टर. दुकानात मात्र या नावाने मागू नका, "डिशची आट्यांची पिन द्या" म्हटलं की लगेच पुढे येते आणि किंमतही अगदी किरकोळ असते. टीव्ही बंद पडण्यामागे बॉक्स, छत्री, रिचार्ज असे सगळे संशयित असतात पण बऱ्याचदा चोर हीच असते.

गंमत म्हणजे या पिनेला स्वतःची पिन नसतेच. बाहेरचा धातूचा भाग म्हणजे नुसतं टोपण, आणि मधोमध जी तार पुढे आलेली दिसते ती केबलचीच आतली तार असते, तीच थेट सॉकेटमध्ये घुसते. म्हणून ती तार वाकली, मोडली किंवा आत सरकली तर "पिन दुरुस्त करणे" असं काही नसतं, खराब टोक कापायचं, वायर नव्याने सोलायची आणि टोपण पुन्हा बसवायचं, एवढाच काय तो उपाय. हे डिझाइन अमेरिकेतल्या जेरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत एरिक विन्स्टन यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला केलं, केबल टीव्हीसाठीच. एक भाग कमी झाला म्हणून पिन स्वस्त पडली आणि स्वस्त म्हणून जगभर पसरली.

आपल्याकडे ती उशिरा आली. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं त्यानंतर कित्येक वर्षं गच्चीवरच्या अँटेनापासून खाली चपटी दोन तारांची पट्टी यायची आणि ती स्क्रूखाली दाबली की झालं. पुढे 1991-92 नंतर गल्लोगल्ली केबल आली तेव्हा गोल काळी वायर घरात शिरली, आणि 2003 पासून डीटीएचच्या छत्र्या लागायला लागल्या तशी आट्यांची पिन घरोघरी पोचली.

वायर समजून घेतली की निम्मं काम झालं. डिशला साधारण आरजी-6 जातीची वायर असते, जाडी जवळपास 7 मिलिमीटर. मधे सुमारे 1 मिलिमीटरची तार, तिच्याभोवती पांढरा फोम, त्यावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, त्यावर बारीक तारांची जाळी आणि सगळ्यात वर काळं किंवा पांढरं प्लॅस्टिक. मधली तार तांब्याची दिसते पण बहुतेक वेळा ती आतून पोलाद आणि वरून तांब्याचा मुलामा अशी असते, लोहचुंबक लावला की कळतं. ही फसवणूक नाही बरं का, एवढ्या उच्च फ्रीक्वेन्सीचा सिग्नल तारेच्या वरच्या थरातूनच धावतो त्यामुळे आतलं पोलाद चालून जातं. पण म्हणूनच सोलताना ब्लेडने तांबं खरवडलं गेलं तर सिग्नलची वाटच खराब होते आणि तिथून गंज धरतो. दातांनी किंवा कचाकच सुरीने सोलणाऱ्यांची पिन सहा महिन्यांत परत बोंबलते ती यामुळे.

बिघाड ओळखायचा कसा? जुन्या अ‍ॅनालॉग काळात पिन ढिली झाली की पडद्यावर मुंग्या यायच्या, दुहेरी सावल्या दिसायच्या, तरी कशीबशी मॅच बघता यायची. डिजिटलमध्ये तसं हळूहळू बिघडत नाही, थोडा वेळ चौकोन चौकोन फुटतात, आवाज तुटतो आणि मग एकदम नो सिग्नल. डिशवाल्यांच्या घरी पहिला संशय पावसावर जातो आणि तो चुकीचा नाही, जोराच्या सरीत डिशचा सिग्नल ज्यावर येतो त्या केयू बँडचा, म्हणजे त्या फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्याचा, सिग्नल खरंच अडतो. पण पाऊस थांबून ऊन पडलं तरी चित्र येत नसेल तर ढगाला दोष देऊ नका, छत्रीजवळच्या पिनेत पाणी शिरलंय. बॉक्समागची वायर जरा हलवली की चित्र येतं-जातं असेल तर मग शंकाच नको. काही चॅनेल दिसतात आणि काही नाहीत असंही होतं, कारण त्याच वायरमधून बॉक्स छत्रीवरच्या एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, 13 किंवा 18 व्होल्ट पाठवत असतो आणि उभ्या की आडव्या, कोणत्या दिशेच्या लहरींचे सिग्नल पकडायचे हे त्या व्होल्टेजवरूनच ठरतं. पिनेत कार्बन धरला की 18 चे वर पोचेपर्यंत कमी होतात आणि एका दिशेचे सगळे चॅनेल गायब.

आता बसवणं. आधी बॉक्सचा प्लग भिंतीतून काढा, नुसता रिमोटने बंद करून भागत नाही कारण तेव्हाही वायरमध्ये व्होल्टेज राहू शकतं आणि ब्लेडने मधली तार आणि जाळी एकदम टेकली तर शॉर्ट होतो, बॉक्सचा सप्लाय जाऊ शकतो. वायरचं खराब टोक दोन-तीन सेंटिमीटर कापून टाका, आतली जाळी काळी पडलेली किंवा पांढरी भुकटी धरलेली दिसली तर चकचकीत भाग लागेपर्यंत अजून मागे कापा, इथे कंजूषपणा नको. मग साधारण 12-13 मिलिमीटर वरचं प्लॅस्टिक काढा, जाळी उलटी करून मागे वळवा, फॉइल फोमला चिकटलेली राहू द्या. पुढचा 6-7 मिलिमीटर फोम फॉइलसकट काढला की तार उघडी होते. त्या तारेला फोमचा पांढरा पापुद्रा चिकटलेला असतो तो नखाने काढा, ब्लेडने नाही.

सगळ्यात महत्त्वाची पायरी इथेच आहे आणि घाईत नेमकी हीच राहते : जाळीचा एखादा केसासारखा धागा पुढे येऊन मधल्या तारेला टेकलेला नाही ना हे उजेडात धरून बघायचं. एवढासा धागा अख्खी डिश बंद पाडतो. मग पिन दाबत, फिरवत आत ढकलायची, पांढरा फोम पिनेच्या आतल्या तळाशी सपाट दिसला पाहिजे आणि तार पिनेच्या तोंडाबाहेर साधारण 3 मिलिमीटर आली पाहिजे, जास्त असेल तर कापा, कमी असेल तर सगळं परत करा. मल्टीमीटर असेल तर वायरची दोन्ही टोकं मोकळी ठेवून तार आणि टोपण यांच्यात बीप वाजतोय का बघा, वाजला तर धागा राहिलाय.

पिना तीन तऱ्हेच्या मिळतात. नुसती फिरवून बसवायची, क्रिंपिंगच्या, म्हणजे पिन वायरवर चेपून घट्ट करणाऱ्या, पकडीने दाबायची आणि कॉम्प्रेशनची, जिला वेगळं टूल लागतं. घरच्या घरी पहिलीच सोपी पण ती ओढली की निघून येते, त्यामुळे गच्चीवर तरी दाबायची पिन लावावी असं माझं मत. साध्या पकडीने चेपून क्रिंप केल्यासारखं करणारे असतात, त्याने पिन अंडाकृती होते आणि आत फट राहते. तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळायचा उद्योग तर करूच नका, वीजेच्या वायरला तो कसाबसा चालतो पण इथे वायरचा 75 ओहमचा हिशोब, ज्यावर सिग्नल सुरळीत पुढे जातो, त्या जागी बिघडतो आणि सिग्नल तिथून उलटा फिरतो. मधेच तुटली असेल तर दोन्हीकडे पिना लावून जॉइंटर घाला.

गच्चीवर पिनेपेक्षा पाणी मोठा शत्रू. जाळी कंदिलाच्या वातीसारखी पाणी शोषून आत नेते, कोकणात खाऱ्या हवेत तर आणखी लवकर खराब होते. पिनेवर एकमेकात विरघळून एकजीव होणारी रबराची टेप ताणून गुंडाळावी आणि पिनेच्या आधी वायरला खाली झोळ द्यावा म्हणजे पाणी त्या झोळावरून ठिबकून जातं.

टीव्हीच्या मागची ढकलून बसवायची गोल पिन वेगळी, ती ब्रिटिश बेलिंग-ली पद्धतीची, तिला मात्र स्वतःची मधली पिन असते आणि तार तिच्यात बारीक स्क्रूने आवळतात. पिवळी-पांढरी-लाल पिन तुटली तर सोल्डरिंग येत असेल तर नवी डाकता येते. एचडीएमआयची पिन चेपली तर वायर बदला, 19 बारीक संपर्क घरी जोडत बसण्यात अर्थ नाही.

काम करताना बोटांना झिणझिण्या आल्या तर घाबरू नका पण दुर्लक्षही करू नका. दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या उपकरणांच्या सप्लायमध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडा करंट धातूच्या भागावर येतो, म्हणूनच सगळे प्लग काढून मगच पिना जोडाव्यात. पिन बसली की बोटांनी घट्ट करा, पक्कड लावून पिळलं तर सॉकेटच बोर्डवरून सुटतं. आणि बॉक्समागे हातभर वायर गुंडाळून ठेवा, पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत टीव्ही ओढला गेला की कापायला काहीतरी उरलेलं असतं.