दाखल होताना हे होतं का?

मांडीचं हाड मोडून दाखल झालेली सत्तरीची बाई शस्त्रक्रियेनंतर घरी जाते, तेव्हा तिच्या डिस्चार्ज कार्डावर दोन निदानं असतात. एक मोडलेलं हाड, दुसरं माकडहाडापाशी सतत दाब पडून झालेली जखम, जिला वॉर्डात सगळे बेडसोअर म्हणतात. रेकॉर्ड विभागातला कोडर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतून दोन्हींचे कोड टाकतो: एस ७२ आणि एल ८९. दोन्ही कोड बरोबर आहेत. तरी नेमकी जी गोष्ट कळायला हवी, ती त्यांत नाही. ही जखम बाई घरून घेऊन आली होती, की दिवसचे दिवस तिला कुशीवर वळवायला कोणी आलं नाही म्हणून रुग्णालयातच झाली?

हे वर्गीकरण मुळात रुग्णालयांवर नजर ठेवायला बनलंच नव्हतं. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्टियाँ यांनी मांडलेली यादी १८९३ साली स्वीकारली गेली ती मृत्यूच्या कारणांसाठी. १९४८ मध्ये सहावी आवृत्ती आली आणि आजारांचा समावेश झाला. पुढे रुग्णालयांची बिलं याच कोडवर निघू लागली आणि संशोधकांच्या हाती आयताच मोठा साठा आला. लाखो रुग्णांच्या नोंदी, त्याही एकाच भाषेत. प्रत्येक केसपेपर उघडून वाचायला माणसं पुरत नाहीत, कोड मात्र संगणक काही मिनिटांत चाळतो.

अमेरिकेत १९९९ साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या संस्थेने अंदाज मांडला की रुग्णालयांतल्या चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसं दगावतात. देश हादरला. २००३ मध्ये तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने रुग्णसुरक्षेचे निर्देशांक जाहीर केले. शस्त्रक्रियेत पोटात राहिलेली वस्तू, बेडसोअर, शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत धरलेली गुठळी, अशा गोष्टी डिस्चार्जच्या कोडमधून मोजायच्या. पोटात राहिलेल्या कापसाच्या पट्टीबद्दल वाद नसतो, ती रुग्ण घरून आणत नाही. बेडसोअरचं तसं नाही. म्हणून २००७ च्या ऑक्टोबरपासून मेडिकेअर या सरकारी विम्याच्या बिलांवर प्रत्येक निदानापुढे एक अक्षर सक्तीचं झालं. त्याचे अर्थ चार: दाखल होताना होतं, नव्हतं, वैद्यकीयदृष्ट्या ठरवता येत नाही, आणि नोंद अपुरी आहे. ऑस्ट्रेलियातही आजार दाखल होण्याआधीचा की नंतरचा हे सांगणारी अशीच खूण वापरतात.

माझ्या मते रुग्णसुरक्षेच्या मोजमापात या एका अक्षराइतकी मोलाची भर क्वचितच पडली असेल. त्यामुळे दाखल होतानाच रुग्णाची पाठ, टाचा, माकडहाड पाहून केसपेपरवर लिहून ठेवणं भाग पडलं. आणि जखम लाल डागाच्या पायरीवर दिसली, तर ती वाढण्याआधी काही करता येतं.

पुढची पायरी मात्र वादाची ठरली. २००८ च्या ऑक्टोबरपासून मेडिकेअरने ठरवलं की बेडसोअरची तिसरी-चौथी पायरी (म्हणजे खोलवर गेलेली जखम), लघवीच्या नळीमुळे झालेला संसर्ग, वॉर्डात पडून झालेली इजा असल्या गोष्टी रुग्णालयात घडल्या असतील, तर त्यांचे जादा पैसे द्यायचे नाहीत. हेतू चांगला होता. लघवीच्या नळीच्या बाबतीत काय झालं, ते पाहा.

रुग्णाला नळी घातलेली आहे, चौथ्या दिवशी ताप येतो, लघवीत जंतू सापडतात. डॉक्टर लिहितात, ‘लघवीचा संसर्ग’. नळी घातल्याची नोंद नर्सच्या पानावर असते. पण कोडरला निदान स्वतःच्या अंदाजाने जोडता येत नाही. हा संसर्ग नळीमुळे झाला, असं डॉक्टरने लिहिलं तरच तो कोड लागतो. नाहीतर साध्या संसर्गाचा कोड पडतो आणि रुग्णालयाच्या सुरक्षेच्या हिशेबातून ही घटना नाहीशी होते. २०१२ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या राज्यातल्या रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा नळीमुळे रुग्णालयात झालेल्या संसर्गाचा कोड इतका क्वचित सापडला की या नियमामुळे पैसे कापले जाण्याची वेळ जवळपास आलीच नव्हती. संसर्ग प्रत्यक्ष मोजणाऱ्या पाहणीत मात्र तो कितीतरी अधिक होता. त्याच वर्षी सुमारे ४०० रुग्णालयांच्या दुसऱ्या अभ्यासात, पैसे थांबवल्याने संसर्गाचं प्रमाण घटल्याचं काही दिसलं नाही.

याउलट गुठळीची गोष्ट. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या दोन हजारांहून अधिक रुग्णालयांचा अभ्यास झाला. ज्या रुग्णालयांत गुठळी शोधायला सोनोग्राफीसारख्या तपासण्या जास्त होत, तिथे गुठळ्याही जास्त नोंदल्या गेल्या. डोळ्यांत तेल घालून शोधणारं रुग्णालय आकड्यांत वाईट ठरलं आणि न शोधणारं स्वच्छ. अशा आकड्यांवरून रुग्णालयांची क्रमवारी लावून पैसे कापणं मला अन्यायाचं वाटतं. कोणते केसपेपर आधी उघडायचे हे ठरवायला मात्र हेच आकडे उत्तम आहेत. एखाद्या वॉर्डात तीन महिन्यांत बेडसोअर वाढले, तर तिथे रात्रपाळीला किती नर्स आहेत हे जाऊन पाहता येतं.

१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या, आजार-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अडचणींचा विचार केलेला दिसतो. त्यात उपचारांतून झालेली हानी तीन कोड जोडून लिहिता येते: इजा कोणती, ती कशामुळे झाली, आणि कशी झाली. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने पोटात रक्तस्राव झाला, तर रक्तस्राव ही इजा, गोळी हे कारण, आणि डोस जास्त गेला हा प्रकार. डोस बरोबर असूनही रक्तस्राव झाला, तर तिसरा कोड बदलतो. चूक आणि औषधाचा अटळ दुष्परिणाम वेगळे ओळखता येतात. पलंगावरून पडूनही इजा न झालेल्या रुग्णासाठीही कोड आहे. हे मला विशेष महत्त्वाचं वाटतं, कारण इजा न होता निभावलेल्या अशा घटना आजवर नोंदींत क्वचितच येत.

पुण्यात आणि नवी मुंबईत अनेक मराठी मुलं-मुली अमेरिकी रुग्णालयांसाठी हेच कोडिंग दिवसरात्र करतात. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी साधारण २२ टक्क्यांनाच डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण होतं. जिथे कारण लिहिलेलं असतं, तिथेही पुष्कळदा ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडली’ एवढंच असतं. प्रत्येक मृत्यूत हृदय थांबतंच. असं लिहू नये, त्यामागचा मूळ आजार लिहावा, अशी स्पष्ट सूचना मृत्यूचं कारण नोंदवणाऱ्या फॉर्मवरच असते. त्या ओळीतून कोडरला काही हाती लागत नाही, म्हणून ते मृत्यू हिशेबात निरुपयोगी कोडखाली जातात. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र रुग्णालयाने जवळच्या नातेवाइकालाही द्यायचं आहे. त्यावर तेवढीच ओळ असेल, तर मूळ आजार कोणता होता, हे डॉक्टरांना तिथेच विचारता येतं.