स्कायलॅबवरचा ‘संप’ आणि रेडिओवरची शांतता

स्कायलॅब हे अमेरिकेचं अवकाशस्थानक. तिचं नाव काढलं की आपल्याकडे 1979 चा जुलैच आठवतो. डोक्यावर पडणार म्हणून धास्तावलेले लोक आणि शेवटी पश्चिम ऑस्ट्रेलियात विखुरलेले तुकडे. तिच्यावर माणसं राहिली ती 1973-74 मध्ये, आणि त्या मुक्कामातली सर्वांत जास्त चघळली गेलेली गोष्ट म्हणजे तिसऱ्या चमूचा ‘संप’. कामाच्या ओझ्याला वैतागून त्यांनी रेडिओ बंद केला आणि एक दिवस काम थांबवलं, असं सांगतात.

या गोष्टीचं मूळ मला विज्ञानकथांच्या नभोनाट्यांत दिसतं. (नभोनाट्य हा आपला शब्द इथे भलताच चपखल बसतो.) 1952 मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकाने 250 फूट व्यासाच्या, फिरत्या चाकासारख्या स्थानकाची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश रेडिओवर ‘जर्नी इंटू स्पेस’ सुरू झालं. ऐकणाऱ्याला दिसत काहीच नाही, त्यामुळे सगळी मदार आवाजावर. तळावरून हाका, उत्तर नाही, नुसती खरखर, आणि नेमका तिथे भाग संपायचा. अवकाशातून आवाज आला नाही म्हणजे काहीतरी विपरीत घडलंय, हे तेव्हाच कानात बसलं.

एकदा ते खरंही ठरलं. जून 1971 मध्ये सोव्हिएत ‘सल्यूत 1’ या स्थानकावर तिघे 23 दिवस राहिले. परतीच्या वाटेवर कुपीतून उत्तर येईना. कुपी व्यवस्थित उतरली, पण एक झडप वरच उघडल्याने आतली हवा निघून गेली होती आणि तिघेही दगावले होते. हवेचा दाब टिकवणारे पोशाख कुणाच्याच अंगात नव्हते.

स्कायलॅबवर मात्र शांतता रोजचीच होती. 93 मिनिटांच्या प्रदक्षिणेतला बराचसा वेळ जमिनीवरचं एकही संपर्ककेंद्र टप्प्यात नसायचं. तेवढ्या वेळातलं बोलणं टेपवर भरायचं आणि संपर्क आला की खाली पाठवायचं. स्थानकाच्या आतही नाटकाची पंचाईत झाली असती. हवेचा दाब जमिनीवरच्या एक-तृतीयांश असल्याने आवाज लांब पोचत नसे. पलीकडच्या माणसाशी बोलायला घसा ताणावा लागे. रेडिओ नाटकवाल्यांचे लाडके चुंबकी बूटही नव्हते. जाळीदार फरशीच्या त्रिकोणी भोकांत बुटाचा त्रिकोणी खुंट अडकवून उभं राहायचं.

तिसरा चमू 16 नोव्हेंबर 1973 ला निघाला. तिघांचीही पहिलीच खेप. आधीच्या चमूने 59 दिवसांत ठरल्यापेक्षा जास्त काम उरकलं होतं, आणि तोच वेग यांच्या माथी मारला गेला. पहिल्याच दिवशी एकाला उलटी झाली. ती खाली कळवायची नाही असं ठरलं, पण टेप चालूच होती! खालच्यांनी ती ऐकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी कानउघाडणी केली. पुढचे सहा आठवडे सुट्टीच्या दिवशीही काम आणि वेळापत्रकावरून धुसफूस. अखेर 30 डिसेंबरला दोन्हीकडून मोकळेपणाने बोलणं झालं. किरकोळ कामं ‘जमेल तेव्हा करा’ अशा यादीत गेली, जेवणानंतर उसंत मिळाली आणि मुक्काम 84 दिवसांचा पूर्ण झाला.

मग संप कुठला? मागण्या नाहीत, काम बंद नाही. चमूतल्या एकाने पुढे खुलासा केला तो इतकाच, की रेडिओवर आळीपाळीने एकाने राहायचं ठरलं होतं. एकदा घोटाळा झाला आणि एका फेरीत कुणीच उत्तर दिलं नाही. त्या चुकलेल्या फेरीचं आणि एका हक्काच्या सुट्टीचं कडबोळं होऊन ‘बंड’ तयार झालं. ते नंतरच्या लेखांत आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत उदाहरण म्हणून फिरत राहिलं. माझ्या मते दोष असलाच तर वेळापत्रक आखणाऱ्यांचा. आठ तासांत बारा तासांचं काम कोंबणारा साहेब कोणी पाहिला नाही?

1983 पासून अमेरिकेने संदेश पुढे पोचवणारे उपग्रह वर सोडले आणि ती रोजची शांतता बरीचशी सरली. आजच्या स्थानकावरून घरी फोनही लावता येतो.