जांघेचा हर्निया आणि पट्टा : घेण्याआधी एवढे वाचा

पोटातले आतडे किंवा चरबी जांघेतून बाहेर डोकावून गाठ येते, तोच जांघेचा हर्निया. पट्टा सैल वाटतो, गाठ तरी खाली येतेच, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांचा पट्टा ठीक असतो. गाठीच्या तोंडावर दाब देणाऱ्या, पट्ट्याच्या गादीची जागा चुकलेली असते. ती जागा समजायची तर जांघेची रचना थोडी माहीत हवी.

कमरेच्या पुढच्या बाजूला हाडाचे टोक हाताला लागते. तिथून खाली, मध्यरेषेलगतच्या प्यूबिक हाडाच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) उंचवट्यापर्यंत एक चिवट बंध तिरका ताणलेला असतो. या बंधाच्या किंचित वर, त्याला समांतर, सुमारे ४ सेंटीमीटर लांबीचा बोगदा आहे : इंग्वायनल कॅनॉल. त्याचे आतले तोंड बंधाच्या मध्यापासून साधारण सव्वा सेंटीमीटर वर, तर बाहेरचे प्यूबिक हाडापाशी. पुरुषांत यातून वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका जातात, स्त्रियांत गर्भाशयाचा एक बारीक बंध. पुरुषांचा बोगदा रुंद, म्हणून हा त्रासही त्यांनाच जास्त.

गर्भात वृषण पोटात तयार होते आणि सातव्या महिन्याच्या सुमारास या बोगद्यातून खाली उतरते. सोबत पोटाच्या अस्तराची एक पिशवी ओढली जाते. ती पुढे बुजली नाही, की आतडे किंवा चरबी आतल्या तोंडातून तीत शिरते आणि कधी थेट अंडकोशापर्यंत जाते. हा प्रकार तान्ह्या बाळालाही होतो, चाळिशीतही. उजवे वृषण उशिरा उतरते, म्हणून उजवी बाजू जास्त वेळा सापडते.

दुसऱ्या प्रकारात बोगद्याची मागची भिंतच झिजते. जुना खोकला, विडी-सिगारेट, बद्धकोष्ठता, प्रोस्टेटमुळे लघवीला लावावा लागणारा जोर, वर्षानुवर्षांची ओझी. ‘परवा पोते उचलले आणि हर्निया झाला’ असे लोक सांगतात. भिंत आधीच विरलेली असते, पोते फक्त निमित्त.

तिसरा, फेमोरल, बंधाच्या खाली मांडीच्या मुळाशी येतो. स्त्रियांत तुलनेने जास्त. त्याचे तोंड अरुंद आणि ताठ असल्याने आतडे अडकण्याचा धोका मोठा. त्याला पट्टा लावू नये, सर्जनकडेच जावे.

माप घेताना पँटची कंबर सांगू नका. कमरेच्या हाडाच्या टोकाखालून, नितंबांभोवती टेप फिरवा.

पट्टा सकाळी अंथरुणातच बांधा. उताणे झोपा, गुडघे वाकवा, गाठ हलकेच आत जाऊ द्या. ती पूर्ण आत गेल्यावरच, खोकताना जिथून बाहेर येते त्या तोंडावर, बंधाच्या वरच्या अंगाला गादी ठेवा. प्यूबिक हाडावर टेकवली तर हाड दुखते आणि बोगदा उघडाच राहतो. मग मांडीचा पट्टा लावून उभे राहा, खोकून बघा. गाठ बाजूने निसटली तर पुन्हा झोपूनच बांधा. उभ्याने ओढून घट्ट करू नका. आत न जाणाऱ्या गाठीवर गादी दाबली तर आतड्यालाच इजा होते.

रात्री पट्टा काढा. घाम साचून खाज आली तर कातडी कोरडी होईपर्यंत लावू नका.

पट्ट्याने भोक बुजत नाही. शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत, किंवा डॉक्टरांनी शस्त्रक्रिया नको म्हटले असेल तेव्हा तो आधार देतो, इतकेच. गाठ अचानक टणक झाली, दुखू लागली, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या किंवा वारा सरेना, तर पट्टा सोडा, काही खाऊ-पिऊ नका, गाठ दाबत बसू नका आणि लगेच रुग्णालयात जा. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटून ते काही तासांत सडू शकते.

लहान मुलांसाठी आम्ही पट्टा देत नाही. बेंबीचा हर्निया वाढत्या वयात बहुधा आपोआप बुजतो. जांघेचा बुजण्याची वाट पाहत थांबायचे नसते, बाळाला लवकर बालशल्यचिकित्सकांना दाखवा.